मॅडम, त्या तीन हिरव्या रेषा

मॅडम,

चार दिवसांपूर्वीच्या शोकसभेत तुमच्याबद्दल जे बोललं गेलं, त्यातलं निम्मं खोटं होतं. कुणी मुद्दाम रचलेलं नव्हतं. गेलेल्या माणसाला घालायचे काही कपडे शिवूनच ठेवलेले असतात, ते तुम्हालाही घातले, एवढंच. शांत. मितभाषी. अजातशत्रू. "मॅडमनी आयुष्यात कुणाचं मन दुखावलं नाही," असं प्राचार्य म्हणाले, तेव्हा मी शेवटच्या रांगेत तुमच्या प्रयोगशाळेतल्या पठाणमामांशेजारी बसले होते. मामा माझ्याकडे न बघताच पुटपुटले, "तुजं दुखावलं नव्हतं का गं?"

दुखावलं होतं. आणि ते तसंच ठेवून तुम्ही गेलात, म्हणून हे लिहितेय. मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. मला चौकात उभं राहून बोलायची सवय, समोर कुणीतरी आरोपी लागतो. तिथे हार घातलेला तुमचा फोटो होता आणि फोटोत तुम्ही चष्मा काढलेला. चष्म्याशिवाय मी तुम्हाला कधी बघितलेलंच नाही. त्या बाईशी कसं भांडणार मी?

तेव्हा जिथे आपलं बोलणं तुटलं, तिथूनच सुरू करते. सोमवारी प्रांतसाहेबांपुढे सुनावणी आहे. इंदूबाईंच्या वस्तीमागे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची जी भट्टी आहे, ती बंद करावी हा आमचा अर्ज. माझ्या मोबाईलमध्ये तुमच्या लेझरने काढलेल्या एका आलेखाचा फोटो आहे. त्यात इंदूबाईंच्या मेलेल्या म्हशीच्या शिंगातली शिशाची रेषा अशी ताठ उभी आहे की शाळेतल्या पोरालाही दिसेल. आमच्या संघटनेतला दत्ता म्हणतो, हाच आलेख सोमवारी टेबलावर ठेवायचा. तुम्ही म्हणाला होतात, ठेवायचा नाही. का नाही, तेही सांगितलं होतंत. त्यावर मी जे बोलले, त्याचं उत्तर तुम्ही दिलं नाहीत. नंतर ताप आला, दवाखान्यात गेलात, आणि ते उत्तर राहिलं.

आपलं भांडण मात्र एका शब्दावरून, फार आधी सुरू झालं होतं.

एमेस्सीच्या पहिल्या वर्षाला होते. आईबाप कोपरगावच्या फडात ऊस तोडायला आणि मी नगरला वसतिगृहात, असं ते वर्ष. तुम्ही फळ्यावर लिहिलंत 'राजवायू' आणि मी हात वर केला. म्हटलं, मॅडम, हेलियम, निऑन, अरगॉन कुणाशी संयोग करत नाहीत, कुणाच्यात मिसळत नाहीत, म्हणून त्यांना राजे म्हणायचं? आमच्या गावात असं वागणाऱ्याला वेगळा शब्द आहे. वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "राजा हे नाव माणसांनी ठेवलंय. तो बिचारा गॅस आहे. त्याला तुझ्या गावचं काही माहीत नाही."

मला तो अपमान वाटला. तुम्हाला ते नुसतं बरोबर वाक्य वाटलं असणार.

पठाणमामांनी त्या दिवसापासून अरगॉनच्या सिलिंडरला 'राजेसाहेब' म्हणायला सुरुवात केली. टेम्पोतून सिलिंडर उतरला की मामा कॉरिडॉरमधून ओरडायचे, "हटा, हटा, राजेसाहेब येऊ ऱ्हायले." गॅस संपत आला की खालच्या आवाजात, "मॅडम, राजेसाहेबांचं काय खरं न्हाई, दोन दिवस काढतील." तुम्ही त्यांना कधी रागावला नाहीत. माझ्यावर मात्र रागवायचात, कारण मी गमतीने बोलत नव्हते. मी खरंच अणूंची माणसं करत होते.

वसतिगृहातल्या मुलींच्या जेवणावरून आम्ही मोर्चा काढला. प्राध्यापक सहीला तयार होईनात, तेव्हा मी एक पत्रक लिहिलं. मथळा होता, 'राजवायू होऊ नका'. पुढे तीन उद्गारचिन्हं. ते मी स्टाफरूमच्या दारावर चिकटवलं. संध्याकाळी तुम्ही बोलावून घेतलंत. पत्रक तुमच्या टेबलावर होतं आणि त्यावर लाल पेनाने दोन दुरुस्त्या होत्या. पहिली, 'सर्व मुली उपाशी झोपतात' यातल्या 'सर्व'खाली रेघ आणि बाजूला प्रश्न: 'सगळ्यांना विचारलंस?' दुसरी, 'अरगॉन निष्क्रिय नसतो. ये, दाखवते.'

मी म्हटलं, "मॅडम, सही करायची नसेल तर तसं सांगा."

"'सर्व'च्या जागी 'पुष्कळ' कर. लगेच करते."

मी 'पुष्कळ' केलं नाही. तुम्ही सही केली नाहीत. दोघींनाही आपण जिंकलो असं वाटलं. पण मी 'ये, दाखवते'ला मात्र आले, याचं श्रेय मला द्या.

काळ्या पडद्यांची ती खोली. डोळ्यांवर हिरवट चष्मे. काचेच्या बंद नळीत सोडियमचा एवढासा खडा, खाली तापवणारी तार, आणि तुमचा लेझर, ज्याचा रंग तुम्ही एक चकती इकडेतिकडे फिरवून केसाएवढा हलवायचात. सोडियमची वाफ एका ठरावीक पिवळ्या रंगालाच तो लेझर गिळते, अलीकडे नाही, पलीकडे नाही, हे दाखवलंत. मग मामांनी राजेसाहेबांची चावी फिरवली. नळीत अरगॉन शिरला, आणि गिळण्याची जागा सरकली. जराशी, तांबड्याच्या बाजूला. रेषा जाडही झाली.

"बघ," तुम्ही म्हणालात. "संयोग नाही, काही नाही. नुसता शेजारून जातो. तरी सोडियम पहिल्यासारखा राहत नाही."

मी म्हटलं, "म्हणजे लग्न न करता एवढा परिणाम."

तुम्ही अविवाहित, भिंगारच्या घरी थोरल्या बहिणीबरोबर राहणाऱ्या. बोलून गेल्यावर माझी मलाच जीभ चावावीशी वाटली. पण अंधारात तुम्ही इतक्या हसलात की मामा दार उघडून बघायला आले, आणि बाहेरचा उजेड शिरून सगळं मोजमाप वाया गेलं. हसून झाल्यावर डोळे पुसत म्हणालात, "मुक्ता, अणूंची माणसं करू नकोस. आणि माणसांचे अणू तर मुळीच करू नकोस."

शोकसभेत हे कुणी सांगितलं नाही. तुमचं सगळं आयुष्य त्या केसाएवढ्या सरकण्याचा हिशेब लावण्यात गेलं, हेही नाही. 'संशोधनातही त्यांना रस होता,' असं एक वाक्य झालं आणि वक्ते पुढे सरकले.

मी एमेस्सी केलं आणि संघटनेत गेले. तुम्ही अडवलं नाहीत. मला वाटलं होतं अडवाल. मी उत्तर तयार करून ठेवलं होतं, ते वापरायला मिळालं नाही, याचाही राग होता.

आणि मग इंदूबाईंची म्हैस मेली. घोडेगावच्या बाजारातून आणलेली, चांगली दुभती. आधी आंधळी झाली, मग दावणीवर डोकं आपटायला लागली, उभ्या उभ्या दात खायची. वस्तीवर कुणी म्हणालं करणी, कुणी म्हणालं पिसाळली. जनावरांचे डॉक्टर बघून म्हणाले, लक्षणं शिशाची वाटतात, पण नुसतं बघून लिहून देता येत नाही. मी भट्टीकडे बघितलं. भट्टी वस्तीपासून हाकेच्या अंतरावर, वारा सुटला की धूर सरळ गोठ्यावर. फोडलेल्या बॅटऱ्यांची काळी टोपणं पोरं गोट्यांसारखी खेळतात. इंदूबाईंची नात त्यातलीच एक. मला आणखी पुरावा कशाला हवा होता?

पण कागदावर हवा होता. म्हणून शिंगाचा तुकडा पिशवीत घालून तुमच्याकडे आले. तुम्ही लगेच खुर्चीतून उठलात. म्हणालात, शिंग वाढताना रक्तातलं थोडं थोडं त्यात साठत जातं, बघू या. तेव्हा मला तुमचा केवढा अभिमान वाटला, ते मी बोलले नाही. आता बोलतेय, उपयोग नाही.

तो प्रयोग मला अजून दिसतो. त्या कामाचा लेझर वेगळा, क्षणभरच पेटणारा. शिंग किसून केलेली वडी, तिच्यावर लेझरचा ठोका, टक्, आणि टाचणीच्या डोक्याएवढी ठिणगी. त्या ठिणगीत वडीतले अणू उडतात आणि प्रत्येक धातू आपापल्या रंगात चमकतो. नुसत्या हवेत सगळा गोंधळ होता. शिसं चमकतं न चमकतं तोच हवेतला ऑक्सिजन त्याला धरायचा आणि उजेड विझायचा. तुम्ही म्हणालात, "मामा, गॅस." अरगॉन आत आला आणि ठिणगी पांढरी लख्ख झाली. अरगॉन शिशाला धरत नाही, ठिणगी गरम ठेवतो, अणू जास्त वेळ चमकतात. पडद्यावर जांभळ्या भागात शिशाची रेषा उभी राहिली. उंच. मी मोबाईल काढून फोटो घेतला. तोवर मी मनातल्या मनात पत्रकाचा मथळाही लिहून टाकला होता.

तुम्ही मात्र यंत्राची चकती फिरवत पुढे गेलात. जांभळ्यातून निळ्यात, निळ्यातून हिरव्यात. मी म्हटलं, "झालं की मॅडम, सापडलं." तुम्ही म्हणालात, "सापडलं तर पुढचंही बघावं." आणि हिरव्यात एकमेकींना खेटून तीन रेषा होत्या. सारख्या अंतरावर, शाळेत निघालेल्या बहिणींसारख्या. (हे मी म्हटलं नाही, लिहितेय फक्त. तुम्ही खोडलं असतंत.)

"क्रोमियम," तुम्ही म्हणालात. तुमच्या आवाजात आनंद नव्हता.

"असू दे. भट्टीतूनच आलं असेल."

"असेल. पण शिसं आणि क्रोमियम मिळून एक पिवळा रंग होतो. ऑईलपेंटमधला. त्या म्हशीची शिंगं रंगवली होती का, विचार."

मी तिथूनच फोन लावला. स्पीकरवर इंदूबाईंचा आवाज अजून कानात आहे. "व्हय की. बाजारातून आनली तवाच पिवळी हुती. दिवाळीच्या पाडव्याला परत मीच लावला, ट्रॅक्टरच्या डब्यातला उरल्याला. लई झाक दिसायची. का गं?"

शिंगावरचा रंग वरून उडाला होता, मातीने मळला होता, म्हणून आपल्याला दिसला नाही. भेगांत राहिला होता. जनावर बाजारात न्यायचं किंवा सणाला नटवायचं म्हणजे शिंगं रंगवायची, हे मी जन्मापासून बघत आलेय, आणि शिंग किसताना तुम्हालाही नाही नि मलाही नाही, एकीलाही सुचलं नाही. तुमच्या राजेसाहेबांनी ठिणगी लख्ख केली नसती तर त्या तीन रेषा गोंधळात बुडाल्या असत्या आणि आपण दोघी खुशाल निजलो असतो.

मी काय बोलले ते तुम्हाला आठवत असेल. म्हणाले, फोटोत फक्त शिसं आहे. हिरवा भाग त्यात नाही. फोटो खोटा नाही. तुम्ही म्हणालात, "त्याच्या शेजारचा तुकडा आपण बघितलाय." मी म्हणाले, "आपण. त्यांनी नाही." तुम्ही म्हणालात, "शिंगात शिसं नाही, असं मी म्हणत नाही. रंगातलं किती आणि रक्तातलं किती, हे मला सांगता येत नाही. सांगता येत नाही ते मी सही करून देणार नाही." मी म्हणाले, "तिथली पोरं बघा एकदा जाऊन. त्यांचं रक्त तुमच्या सहीची वाट बघत थांबणार नाही. तुम्ही आयुष्यभर काळ्या पडद्यामागे बसलात, कशाशी संयोग नको, कुणाचा डाग नको. मी पत्रकात लिहिलं होतं ते बरोबर होतं. तुम्ही राजवायूच आहात."

तुम्ही चष्मा पुसलात. मामा सिलिंडरची चावी बंद करत होते, ते बंद करतच राहिले.

मला अजूनही वाटतं की माझा मुद्दा पूर्ण चुकीचा नव्हता. मॅडम, सोयीचा पुरावा नको, हे मान्य. पण पुरावा नाही म्हणून जे वर्षानुवर्षं चालू राहतं, त्यावर कोण लाल पेन मारतं? भट्टीवाल्याला कुणी विचारलं का, तुझ्या धुरात काय आहे ते सिद्ध कर म्हणून? सिद्ध करायचं ओझं कायम इंदूबाईंच्याच डोक्यावर का? यावर तुम्ही काय म्हणाला असतात, मला ठाऊक नाही. 'तो तुझा विषय' म्हणाला असतात कदाचित. तेही मला चाललं असतं. उत्तर हवं होतं.

उत्तराऐवजी त्याच आठवड्यात तुमचा फोन आला. "रविवारी मोकळी आहेस? वस्तीवर जायचंय." अपमानाचा उल्लेख नाही, माफीची अपेक्षा नाही. सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, पर्समध्ये रंगाऱ्याचा नवा कोरा ब्रश आणि प्लॅस्टिकच्या डब्या. इंदूबाई दारात उभ्या राहून तुम्हाला खालपासून वरपर्यंत बघत होत्या.

"ह्याच का त्या, लेझीमवाल्या बाई?"

"लेझीम नाही हो, लेझर," मी म्हटलं.

"त्येच. मला वाटलं येताना ढोलबी आनत्याल."

तुम्ही गंभीरपणे म्हणालात, "ढोल पुढच्या वेळी. आज फक्त धूळ." आणि शिडी मागितलीत. मी चढते म्हटलं तर म्हणालात, "तू उत्साहात जास्त झाडशील." पत्र्यावरची धूळ, अंगणातली माती, गोठ्यातली, आणि मग दोन शेतं ओलांडून वाऱ्याच्या उलट्या अंगाची माती, तुलनेसाठी. इंदूबाईंची नात तुमच्या मागे मागे. तिच्या हातातली बॅटरीची टोपणं तुम्ही मागून घेतलीत, बदल्यात रिकामी डबी दिलीत, आणि विहिरीवर नेऊन तिचे हात साबणाने धुतलेत, नखांतून, हळूहळू. ती 'पुरे की' म्हणाली तरी तुम्ही धूत होतात. इंदूबाई म्हणाल्या, "बाई, रंगानं काळीच हाय ती. कातडं काढताल." त्यावर तुम्ही हसलात. पण मला पाठमोऱ्या दिसत होतात आणि तुमचे खांदे हसत नव्हते.

परत येताना गाडीत तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. मीही नाही. आत्ता वाटतं की मी नुसतं 'मॅडम' एवढं जरी म्हटलं असतं, तरी तुम्ही काहीतरी बोलला असतात.

त्या मातीच्या वड्या तुम्ही दाबून ठेवल्यात. त्या अजून काचेच्या भांड्यात आहेत. शोकसभेनंतर मामांनी मला खोलीपाशी नेलं. कुलूप आहे, नवा माणूस नेमेपर्यंत लेझरला हात लावायचा नाही असा हुकूम आहे, आणि तो हुकूम बरोबरच आहे. मामा म्हणाले, "मी काय करू सांग. मला फकस्त राजेसाहेबांची चावी फिरवता येती. बाकीचं सगळं मॅडमच्या बोटांत हुतं." मग कुलूप ओढून बघितलं, लागलंय का म्हणून. उगाचच. लागलेलंच होतं.

म्हणजे सोमवारपर्यंत नवा पुरावा नाही. आहे तो फोटो.

दत्ताचं दुकान तुम्हाला माहीत आहे, कोर्टाच्या मागे, डीटीपीचं. माझी सगळी पत्रकं त्यानेच लावली. तो वाईट माणूस नाही, त्याच्याबद्दल तसं मनात आणू नका. त्याने फोटो मोठा करून पडद्यावर घेतला आणि खाली तुमचं नाव टाईप केलं, पदवीसकट. "बघ कसलं वजन येतंय," म्हणाला. "मुक्ते, मॅडम आता सांगायला येणार न्हाईत. आणि त्यांना वाईट वाटायला त्या हायेत कुठं? पोरं हायेत तिथं."

मी बराच वेळ तुमचं नाव बघत बसले. खोटं असं त्यात काहीच नव्हतं. नाव खरं, पदवी खरी, रेषा खरी. खरं सांगते मॅडम, मी 'हो' म्हणाले असते. तत्त्व वगैरे आडवं आलं नाही. आडवं आलं ते एवढंच, की इंदूबाईंना अजून कुणी सांगितलं नव्हतं. फोनवर त्यांनी 'का गं?' विचारलं होतं आणि मी 'काही नाही' म्हणून ठेवून दिला होता. त्यांच्या म्हशीबद्दल, त्यांच्या नावाच्या अर्जात, त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट मी लपवणार होते. साहेबांपासून लपवायला माझी ना नव्हती. त्यांच्यापासून लपवणं जमेना.

म्हणून वस्तीवर गेले आणि सांगितलं. रंग, शिसं, क्रोमियम, सगळं. इंदूबाई शेण काढत होत्या. ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हंजी मी माज्या हातानं नटवली म्हनून भट्टीवाला सुटला?"

"सुटला नाही. त्या शिंगावर त्याला धरता येणार नाही, एवढंच."

"एकच झालं की." गोठ्याकडे मान करून म्हणाल्या, "आनि ही दुसरी कालपास्नं पानी पीत न्हाई. दात खाती."

मी गोठ्यात बघितलं. दुसरी म्हैस भिंतीकडे तोंड करून उभी होती. खिशात मोबाईल, मोबाईलमध्ये फोटो. आणि पहिल्यांदाच, रागाच्या आधी, तुमच्यासारखा विचार आला: ही जिवंत आहे. हिच्या अंगात रक्त आहे, आणि रक्ताला कुणी रंग लावलेला नाही.

डॉक्टर त्याच दुपारी आले. आधी नको म्हणत होते. मी भांडले नाही, विचारलं फक्त: तपासायला काय लागतं आणि कुठे पाठवायचं? त्यांनी मानेतून रक्त काढलं, नळीवर चिठ्ठी लावली. नातीचंही सरकारी दवाखान्यात काढून घेतलं. ती रडली, इंदूबाई माझ्यावर ओरडल्या, मी ऐकून घेतलं. उत्तर यायला वेळ लागेल. सोमवारच्या आत नक्कीच नाही. म्हैस राहील की नाही, तेही सांगता येत नाही म्हणाले डॉक्टर.

तर मॅडम, फोटो मी दत्ताच्या पडद्यावरून काढायला लावला. तुमचं नाव त्याने स्वतःच पुसलं, जरा रागानेच. त्या जागी नवं पत्रक घातलं. मी सांगत गेले, तो टाईप करत गेला आणि मध्येच थांबला.

"हे काय लिहितीस? 'इंदूबाईंची म्हैस कशाने मेली, हे आम्हाला माहीत नाही.' असं कोन छापतं?"

"पुढचं घे. 'शिशाने मेली अशी आम्हाला शंका आहे. ज्यांचं काम तपासायचं आहे त्यांनाही माहीत नाही, कारण त्यांनी तपासलेलं नाही. दुसरी म्हैस आजारी आहे, तिचं रक्त पाठवलं आहे. उत्तर येईपर्यंत भट्टी थंड ठेवा. वस्तीवरच्या प्रत्येक मुलाचं रक्त तपासा. आमचं चुकलं तर आम्ही तसं याच कागदावर छापू.'"

"हे वाचून कोन पेटनार, मुक्ते?"

"माहीत नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि छापलं.

काल घोडेगावच्या बाजारात वाटलं. नेहमी माझं पत्रक लोक घेतात, मथळा बघतात, घडी घालून खिशात टाकतात किंवा त्यावर भजी ठेवतात. ज्यांना पटतं त्यांना वाचायची गरज नसते, ज्यांना पटत नाही ते वाचत नाहीत. काल एक म्हातारा व्यापारी म्हशीच्या कासऱ्याला धरून उभ्या उभ्या पूर्ण वाचत होता, ओठ हलवत. वाचून झाल्यावर मलाच दटावलं.

"तुमालाच माहीत न्हाई, मग कागद वाटीत कशाला फिरताय?"

पूर्वी असतं तर माझ्याकडे उत्तर होतं, माईकशिवाय अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल असं. काल मी म्हटलं, "विचारायला. सोमवारी प्रांतसाहेबांच्या हाफिसात."

त्याने पुन्हा कागदाकडे बघितलं. मग कासरा दुसऱ्या हातात घेतला.

"त्या भट्टीच्या खालच्या अंगाला माज्या लेकीचं घर हाय," तो म्हणाला. "किती वाजता हाय त्ये?"